जमतं, पण करत नाही

लकव्यानंतर इस्पितळातून सुटताना जो कागद हातात पडतो, त्यावर प्रत्येक गोळीपुढे सगळं लिहिलेलं असतं. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर. रक्त पातळ करणारी, दाबाची, कोलेस्टेरॉलची, सगळ्यांची मात्रा ठरलेली. आणि अगदी खाली, सही-शिक्क्याच्या जरा वर, एक ओळ: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ किती, कशाची, कुठवर, यातलं काही नाही. माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलणार की नाही, हे बरंचसं ज्या ओळीवर ठरायचं, नेमकी तीच ओळ बिनमात्रेची.

इंदूरच्या मराठी घरांत ‘अर्धांगवायू’ आणि ‘पक्षाघात’ हे शब्द छापील राहिले. बोलण्यात मालव्याचा ‘लकवा’च. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, रामबाग, कुठेही गेलात तरी चित्र साधारण एकच असतं. फिजिओ पावणेनऊला येतो, हात वर-खाली करून देतो, पाय दुमडून देतो, चार फेऱ्या मारवतो आणि साडेनऊला स्कूटर काढतो. त्यानंतर लुळा हात मांडीवर जो जाऊन बसतो, तो दुसऱ्या दिवशी पावणेनऊपर्यंत. घरच्यांना वाटतं, आजचा व्यायाम झाला.

झाला म्हणजे किती झाला, हे अमेरिकेत एकदा शेजारी बसून मोजलं गेलं. सेंट लुईसच्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लकव्यानंतरची 312 उपचारसत्रं पाहिली होती. ज्या सत्रांत हाताकडून खरंच एखादं काम करून घेतलं, त्यांत त्या कामाची सरासरी आवर्तनं भरली 32. चालण्याच्या सत्रात पावलं 357. उलट, मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात की मेंदूच्या जोडणीत बदल दिसायचा तर दिवसाला काहीशे आवर्तनं लागतात. म्हणजे गोळीचा एक तुकडा द्यायचा आणि गुण येत नाही म्हणून गोळीला नावं ठेवायची, अशातला प्रकार. त्याच मंडळींनी 2010 मध्ये दाखवलं की नीट आखणी केली तर तासाभरात 300च्या वर आवर्तनं होतात आणि रोगी थकून कोसळत वगैरे नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, आणि सरळ गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. पण लँग तिथे थांबल्या नाहीत. 2016 मध्ये त्यांनी, लकव्याला सहा महिने उलटून गेलेल्या 85 जणांना वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. कुणाला एकूण 3200 आवर्तनं, कुणाला 6400, कुणाला 9600. जास्त केलं त्यांना जास्त फायदा, असं दिसलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच गटातल्या लोकांच्या मनगटांना बांधलेल्या हालचालमापकांचे आकडे आले, आणि ते खरे अडचणीचे होते. दवाखान्यातल्या चाचणीत हात सुधारला होता. घरी मात्र तो पूर्वी जितका हलायचा, तितकाच हलत होता.

करू शकणारा हात वेगळा आणि करणारा हात वेगळा. पुनर्वसनाच्या संशोधनातून घरच्यांनी एकच गोष्ट उचलायची असेल तर आमच्या मते ती ही. घरी हेच वाक्य तक्रार म्हणून ऐकू येतं: ‘फिजिओसमोर सगळं जमतं यांना, एरवी करत नाहीत.’ त्यात आळस शोधू नये. पहिल्या आठवड्यांत त्या हाताने काही धरायला गेलं की पडतं, सांडतं, चारचौघांत शोभा होते. धडधाकट हाताने मात्र झटकन होतं. मेंदू हा धडा लवकरच शिकतो. पुढे हातात थोडी ताकद परत आली तरी त्याला कुणी बोलवत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या कामातून ही गोष्ट मांडली. न वापरण्याची ही सवय शिकलेली आहे, म्हणून ती मोडताही येते, असं त्यांचं म्हणणं.

मोडायची कशी? त्यांची रीत अशी की चांगल्या हातावर जाड मिटन, म्हणजे बोटं वेगळी नसलेला हातमोजा, चढवायचं आणि दुबळ्याला कामाला लावायचं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ चाचणीत 222 जणांवर हे तपासलं गेलं: दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ मिटन, शिवाय कामाच्या दिवशी सहा-सहा तासांपर्यंत सराव. फायदा झाला आणि वर्षभर टिकला. मिटनचे फोटो छापून आले, त्यामुळे लोकांना मिटनच आठवतं. घरी मग मोजा चढवतात, बाकी काही करत नाहीत, आणि दोन दिवसांत रोगी चिडून तो फेकून देतो. शिवाय हे सगळ्यांसाठी नाही. मनगट निदान थोडं मागे वळत असेल आणि बोटं थोडी उघडत असतील, तरच. हात पूर्ण लुळा असेल तर चांगला हात बांधून ठेवणं ही शिक्षा होते. आणि जिना, गॅस, गरम पाणी, काठी धरून चालणं, या वेळी मिटन काढलेलंच हवं.

टॉब यांच्या पद्धतीतला खरा कामाचा भाग फोटोत येत नाही. ते रोग्याशी लेखी करार करतात. घरातली कोणती कामं दुबळ्या हाताची, कोणती चांगल्याची, कोणती दोघांची, हे कागदावर उतरतं, सही होते, आणि रोज विचारलं जातं. तीस कामांची एक प्रश्नावली असते: दिव्याचं बटण दाबलं का, नळ सोडला का, दार उघडलं का, किती वेळा आणि किती नीट, दोन्हीला 0 ते 5 गुण. हा भाग गाळला की सुधारणा खोलीतच राहते.

आता एक काम जवळून बघू. टेबलावरचं भांडं उचलून पलीकडे ठेवायचं, बस. खुर्ची हातांची नको. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकलेली, टेबल कोपराच्या उंचीला. भांडं साधारण एक वीत पुढे. सुरुवात रिकाम्या वाटीने. हात पुढे निघाला की काय बिघडतं ते बघा. धड पुढे झुकतं, म्हणजे हात लांब होण्याऐवजी माणूसच वाटीकडे जातो. खांदा कानाशी येतो. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर फाकतं. हे सगळे मेंदूने काढलेले चोरटे मार्ग. वाटी उचलली जाते, पण कोपर सरळ करायचं काम तसंच राहतं. उपाय साधा आहे: छातीवरून उपरणं किंवा ओढणी घेऊन खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधायची. धड मागे राहिलं की कोपराला उघडावंच लागतं. धाप लागत असेल किंवा खांदा दुखत असेल तर हे करू नये.

धरण्यापेक्षा सोडणं अवघड, हे बहुतेकांना माहीत नसतं. मूठ आवळते आणि उघडतच नाही. मग घरातलं कुणीतरी एकेक बोट ओढून सोडवतं, आणि ताणलेले स्नायू आणखी आवळतात. त्याऐवजी मनगट हळूच आत वळवावं, आधी अंगठा त्याच्या बुडापासून बाहेर काढावा आणि थांबावं. बोटं आपसूक सैल होतात. दोन-तीन श्वासांचं काम आहे, पण घाईच्या घरात तेवढेही मिळत नाहीत.

मराठी स्वयंपाकघरात सरावाची सामग्री आयती चढत्या क्रमाने मांडलेली असते: वाटी, फुलपात्र, पेला, गडू, तांब्या. रिकामी वाटी दहापैकी आठ वेळा नीट गेली की तिच्यात मूठभर राजमा. मग फुलपात्र. मग फुलपात्रात अर्धं पाणी, आणि पाणी आलं की चूक आपोआप दिसते, कुणी ओरडायची गरज नाही. दहापैकी दहा वेळा जमतंय म्हणजे काम सोपं झालं. पाचपेक्षा कमी जमतंय म्हणजे घाई झाली, एक पायरी खाली या. वीस-तीस वेळा करून थांबायचं, दिवसातून पाच-सहा बैठका. थंडीत मटार सोलायचे असतात, लसूण असतो, शेंगदाणे निवडायचे असतात. तेही मोजणीत धरावं. किलोभर मटारात शेंगा किती असतात, हे एकदा मोजून बघण्यासारखं आहे. दुबळ्या हाताने शेंग नुसती धरून ठेवली आणि चांगल्याने सोलली, तरी तो हात त्या शेंगेपुरता कामावर होता.

उजवा हात गेला असेल तर आणखी एक गाठ पडते, आणि ती पुस्तकात सापडत नाही. डाव्या हाताने जेवायचं कसं? प्रसाद घ्यायचा कसा? सत्तरीच्या माणसाला पंगतीत डावा हात पुढे करायची इतकी लाज वाटते की तो सरळ ‘भूक नाही’ म्हणतो, आणि सून मग घास भरवते. आमचं मत स्पष्ट आहे: पोट डाव्या हाताने भरू द्या, चमच्याने, गाजावाजा न करता. दुबळ्या उजव्या हाताकडून पहिल्याच महिन्यात वरणभात खाववण्याचा हट्ट धरला की जेवण तासभर चालतं, अर्धं थंड होतं, आणि त्या हाताशी कायमचं वैर जडतं. त्याला ताट धरायला द्या. ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही. चमच्याची दांडी बारीक असेल तर सायकलच्या मुठीचं रबर किंवा पाइपावर चढवतात तो फोम तिच्यावर चढवा. पूजेत घंटा डाव्या हाती आणि फूल उजव्या बोटांत. ते नेमकं देवावर न पडता ताम्हनात पडलं तरी चालतं.

हाताबद्दल इतकं लिहिलं, पण घरचं माणूस कायमचं खाटेला लागतं ते बहुतेक पायामुळे, त्यातही उठता न आल्यामुळे. आपल्याकडचा सोफा बुटका आणि खोल, दिवाण त्याहून वाईट. धडधाकट माणूसही त्यातून कुंथत उठतो. साधी लाकडी खुर्ची घ्यावी, बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटीमीटर. सुरुवातीला तिच्यावर सतरंजीच्या घड्या घालून 50-52पर्यंत न्यावी, आणि जमेल तसतशी एकेक घडी काढत जावी. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं. दोन्ही पाऊलं गुडघ्याच्या मागे घ्यायची, दुबळं पाऊल चांगल्यापेक्षा किंचित आणखी मागे, म्हणजे उठताना वजन त्याच्यावर येतं. एरवी माणूस सगळं ओझं चांगल्या पायावर टाकतो आणि दुबळा पाय पाहुण्यासारखा बाजूला उभा राहतो. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. इथेच गाडी अडते. पुढे पडण्याच्या भीतीने माणूस ताठ उठू बघतो आणि धप्पकन मागे बसतो. समोर दोन फुटांवर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर हात टेकायला सांगितले की वाकणं जमतं. वॉकर ओढून उठू नये; वॉकर अंगावर येतो. बसतानाही तेच उलट क्रमाने, हळू. दणकन बसलं तर ते आवर्तन मोजायचं नाही. प्रत्येक चहा-जेवणाच्या वेळी पाच ते दहा वेळा.

आणि हाताला धरून ओढू नका. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो, आणि बगलेत हात घालून उचलणारा प्रेमळ मुलगा तो आणखी सैल करतो. महिन्याभरात खांदा असा दुखू लागतो की पुढचा सगळा सराव बंद. धरायचं तर कमरेला, रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेली ओढणी, आणि उभं राहायचं दुबळ्या बाजूला. दाराला कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायची पद्धत अजून घराघरांत दिसते. ती तर लगेच काढावी, कारण खांदेदुखीचा सगळ्यात जास्त धोका तिच्यातच दिसला आहे. बसल्यावर हाताखाली उशी, चालताना गरजेपुरती झोळी. दिवसभर गळ्यात अडकवलेली झोळी नको.

बाथरूमबद्दल थोडक्यात, कारण इथे बोलण्यापेक्षा मिस्त्री लवकर बोलावलेला बरा. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला तर दारालाच अडतो. प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या टाइलवर सरकते आणि तिचे मागचे पाय फाकतात. रबरी टोपणांचं ॲल्युमिनियमचं स्टूल घ्या. बादली जमिनीवर नको, चौरंगावर, चांगल्या हाताच्या बाजूला. वाकून पाण्याचा मग भरताना तोल जातो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि पाणी बघायचं ते चांगल्या हाताने, कारण दुबळ्या बाजूला बधिरपणा असेल तर भाजलेलं नंतर फोड आल्यावर कळतं. भिंतीचा दांडा जमिनीपासून 80 ते 90 सेंटीमीटरवर, मुठीत पूर्ण मावेल असा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, आणि टाइलच्या मागे विटेत शिरलेल्या अँकर बोल्टवर. रबरी चोषकाचे दांडे सुटतात. टॉवेलची दांडी हा दांडा नव्हे. बसवल्यावर मिस्त्रीला म्हणावं, आता तूच लटकून दाखव.

कपडे घालताना दुबळी बाजू आधी, काढताना शेवटी. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक. ब्लाउजला आतून व्हेल्क्रो आणि वरून जुनेच हुक शिवून टाकले तर बाहेरच्या कुणाला पत्ताही लागत नाही. हे दिसण्याचं काम फालतू समजू नये.

इंदुरात सकाळ पोह्यांनी होते, आणि लकव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोहे हा धोक्याचा पदार्थ आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पोहे मऊ असतात, पातेल्यावरच्या वाफेवर ठेवलेले तर फारच. पण वरून शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, जीरावन मसाला. तोंडाची एक बाजू बधिर असली की कोरडे कण गालात साठतात. नंतर पाण्याच्या घोटाबरोबर ते भलत्या वाटेने छातीत उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. घोटानंतर खोकला येणं, आवाज ओलसर, घरघरता होणं या खुणा आहेत. पण काहींना अजिबात खोकला येत नाही, म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय ‘ठसका लागत नाही ना, मग द्या’ असं करू नये. नितळ पाणी सगळ्यात अवघड, कारण ते सगळ्यात जोरात धावतं. घट्ट दही त्यामानाने सोपं. तपासणीत परवानगी मिळाली तर पोहे दह्यात भिजवून, शेव-कांदा वगळून, लहान चमच्याने. एका घासाला दोनदा गिळायचं. ताठ बसून, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शेवटी बोटाला फडकं गुंडाळून गाल साफ करायचे. जिलबी चिकट, ती मागाहून. जिलबीशिवाय पोहे देणं इंदुरात कुणाला रुचणार नाही, पण इलाज नाही.

किती लवकर सुरू करायचं, यावर एक समज फार पक्का होता: जितकं लवकर, तितकं चांगलं. पाच देशांतल्या 2104 रोग्यांवरच्या ‘अव्हर्ट’ चाचणीने 2015 मध्ये त्याला धक्का दिला. पहिल्या 24 तासांतच वारंवार आणि पुष्कळ वेळ उठवून उभं केलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी थोडी मागेच होती: चांगला परिणाम 46 टक्क्यांत, तर नेहमीच्या पद्धतीत 50 टक्क्यांत. नंतरच्या छाननीत थोडा थोडा वेळ, पण वरचेवर, हे बरं दिसलं. ‘पहिले तीन महिनेच, मग काही होत नाही’ हे दुसरं टोकही तितकंच चुकीचं. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, खरं आहे. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या मज्जाविकारांच्या इस्पितळात 224 जणांना तीन आठवड्यांत 90 तास हाताचा सराव दिला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लकव्याला वर्ष-दीड वर्ष उलटलं होतं. त्यांचे हात सुधारले, आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. लँग यांच्या आकड्यांशी हे जुळत नाही असं कुणी म्हणेल. आमची समजूत अशी की तिथे 90 तासांबरोबरच हात घरच्या कामांत कसा आणायचा यावरही दिवसभर काम होत होतं. नुसत्या तासांना ते श्रेय देववत नाही.

आपल्याकडे या वेळेच्या प्रश्नात देवस्थानंही येतात. नीमचजवळची भादवा माता लकव्याची देवी म्हणून सगळ्या मालव्यात प्रसिद्ध आहे, आणि राजस्थानात नागौर जिल्ह्यातलं बुटाटी धाम. इंदूरहून लोक जातात, मराठी घरांतलेही. याची टिंगल करणं सोपं आहे. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यायचं असतं. ते तास प्रवासात घालवले तर नुकसान कुणालाच भरून देता येत नाही, एवढं ठणकावून सांगायलाच हवं. पण इस्पितळातून सुटल्यावर जे जातात, ते तिथे काय करतात? मुक्काम करतात, सकाळ-संध्याकाळ देवळाला प्रदक्षिणा घालतात, आजूबाजूला आपल्यासारखेच पाय ओढणारे शंभर लोक असतात, कुणी बघून चुकचुकत नाही. म्हणजे मात्रा आहे, ठरलेली वेळ आहे, सोबत आहे. आमच्या कागदावरच्या ‘फिजिओ चालू ठेवा’मध्ये यातलं एकही नाही. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळण्याच्या प्रकाराबद्दल मात्र काही चांगलं लिहिण्यासारखं नाही.

मग सगळं घरच्यांवर सोपवायचं का? हा प्रश्न भारतातच विचारला गेला, आणि मोठ्या प्रमाणावर. ‘अटेंड’ चाचणीत देशभरातल्या 14 इस्पितळांतले 1250 रोगी होते. सुटण्याआधी घरच्या एका माणसाला हालचाली, बसवणं-उठवणं, सराव शिकवायचा आणि घरी त्याने तो चालू ठेवायचा. 2017 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. हा निकाल वाचून अनेकांना वाईट वाटलं, कारण फिजिओ कमी आणि कुटुंबं मोठी असलेल्या देशात हाच उपाय सोयीचा होता. आमच्या वाचनात त्यातून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही. इस्पितळाच्या गोंधळात, घाबरलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत शिकवलेलं पुरत नाही, एवढं कळतं. सोफा किती बुटका आहे हे वॉर्डात दिसत नाही. घरचं माणूस घाईत असतं आणि मायेत असतं, आणि दोन्हींचा परिणाम एकच: ‘राहू द्या बाबा, मी करते.’ बाबांचं बटण सुनेच्या हातून लागतं, बाबांच्या हाताचा त्या दिवसातला एक प्रसंग गेला.

चालण्याच्या बाबतीत निदान एक गोष्ट घराच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या ‘लीप्स’ चाचणीत 408 जण होते. काहींना पट्ट्यांनी अधांतरी आधार देऊन ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे साधे व्यायाम दिले. वर्षभराने चालण्यात फरक नव्हता. 2011चा हा निकाल. महागड्या यंत्रासाठी दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहण्याआधी तो जरूर लक्षात घ्यावा.

पण घरात चालणं आणि बाहेर चालणं वेगळं, आणि त्याला मोजमाप आहे. अंगणात किंवा सोसायटीच्या वाटेवर 10 मीटर खडूने आखा, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जादा, आणि मधल्या 10 मीटरला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. 25 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर माणूस सहसा घरापुरता चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला तर बाजारात एकटा जाण्याइतका वेग आला. मधले लोक सोबतीने बाहेर पडू शकतात. काठी चांगल्या हातात, मूठ मनगटाच्या रेषेला, कोपर किंचित वाकलेलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी, आणि सोबतचा माणूस नेहमी खालच्या पायरीवर.

वेग कशासाठी हवा हे त्या माणसालाच विचारावं. ‘काय करायला आवडेल?’ असं मोघम विचारलं की ‘आता काय’ असं उत्तर येतं. ‘सानंदच्या पुढच्या नाटकाला जायचं का?’ असं, इंदूरच्या त्या मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचं नाव घेऊन, विचारलं तर डोळे हलतात. आणि नाटक म्हटलं की हिशेब मांडता येतो: गाडीतून उतरणं, खंडवा रोडच्या सभागृहात खुर्चीपर्यंतचं अंतर, किती पायऱ्या, अडीच तास बसणं, मध्यंतरात गर्दीतून स्वच्छतागृह. यातली प्रत्येक गोष्ट आठवड्याला एक अशी घरी बसवता येते. अडीच तास बसणं सगळ्यात अवघड निघतं. लकव्यानंतरचा थकवा झोपेने पूर्ण जात नाही. सकाळी आंघोळ आणि फिजिओ झाला की संध्याकाळसाठी काही उरत नाही. नाटकाच्या दिवशी सकाळचा सराव सोडून द्यावा, त्याने काही बिघडत नाही. आणि माणूस नाटकच काय, कशालाच हो म्हणत नसेल, रडत असेल, जेवत नसेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. साधारण तीनांपैकी एकाला लकव्यानंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन या गोळीमुळे हातपाय लवकर सुधारतात अशी मध्यंतरी आशा होती. 2018 मध्ये 3127 जणांवरच्या चाचणीत तसं दिसलं नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. मनासाठी गरज असेल तर डॉक्टर देतील, हातासाठी मागू नये.

सुधारणा मोजायला दवाखान्यात बहुतेक ठिकाणी बार्थेलचे गुण वापरतात. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी 1965 मध्ये छापलेली ही दहा कामांची यादी: जेवण, आंघोळ, कपडे, संडास, खाटेवरून खुर्चीत जाणं, जिना वगैरे, एकूण 100. शंभर मिळाले म्हणून माणूस एकटा राहू शकेल असं नाही, हे त्या दोघींनीच लिहून ठेवलं होतं. स्वयंपाक, घर चालवणं त्यात नाहीच. शंभर गुणांच्या माणसाला चहा करता येत नसेल, हे शक्य आहे. म्हणून घरची नोंद वेगळी हवी. इंदूरच्या मराठी घरात कालनिर्णयशेजारी लाला रामस्वरूपचं कॅलेंडरही टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनात गॅस सिलिंडर कधी लागला आणि दूध किती आलं हे लिहायची पद्धत आहेच. तिथेच तीन आकडे: खुर्चीतून किती वेळा उठले, भांडी किती वेळा उचलली, आणि ठरवून दिलेली कामं त्या हाताने किती वेळा केली.

रविवारी पाहुणे येतात, पोह्यांचं पातेलं चढतं, सराव राहून जातो. चौकोनात उठणं 14, भांडी 0. खाली पेन्सिलीने: नळ 6, दिव्याचं बटण 11, पाहुण्यांच्या चहाचा ट्रे एका बाजूने धरला.